निकाल कोण सांगतो?

इंग्रजी विकिपीडियावर 'मतदान हा चर्चेला पर्याय नाही' अशा अर्थाचं एक मार्गदर्शक पान आहे. नवा संपादक नियमांच्या वादात उतरला की लवकरच कुणीतरी त्याच्या हाती या पानाचा दुवा ठेवतं. मग तो प्रत्यक्ष वादाच्या पानावर जातो आणि पाहतो तर काय, ओळीने ठळक अक्षरांत 'पाठिंबा', 'विरोध', 'पाठिंबा', 'पाठिंबा'. काही ठिकाणी तर प्रत्येक ओळीला आपोआप क्रमांक पडेल अशी सोय. ज्यांना ही विसंगती बोचते ते मताच्या आधी उद्गारचिन्ह लावतात, कारण संगणकाच्या बऱ्याच भाषांत ते चिन्ह नकारार्थी असतं. मत द्यायचं, आणि हे मत नव्हे असंही त्याच दमात सांगायचं.

हे ढोंग नाही. निदान सगळंच ढोंग नाही. मतदानाला आधी मतदारयादी लागते, आणि विकिपीडियाकडे ती नाही. खातं उघडायला दोन मिनिटं पुरतात. एकाच माणसाने दहा खाती काढली तर वरवर पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. समाजमाध्यमावर हाक दिली की एखाद्या नटाचे किंवा पक्षाचे दोनशे चाहते रातोरात मत नोंदवायला हजर होऊ शकतात. गर्दी गोळा करायला दरवेळी उघड हाकही लागत नाही. पूर्व युरोपच्या इतिहासावर लिहिणारे काही संपादक एका गुप्त ई-मेल यादीवरून ठरवून एकमेकांच्या मदतीला धावत होते, हे २००९ साली उघडकीला आलं आणि प्रकरण थेट लवाद समितीपुढे गेलं. जिथे मतदार कोण हेच ठाऊक नाही तिथे डोकी मोजली तर नियम तोच लिहिणार, ज्याला माणसं जमवता येतात. म्हणून डोकी नव्हे, मुद्दे तोलायचे, असं या समाजाने ठरवलं. मुद्दे तोलायचे म्हटल्यावर तराजू कुणाच्या हाती हा प्रश्न येतो, आणि नियमबदलाचं सगळं राजकारण तिथेच आहे.

सुरुवातीला या प्रश्नाची गरजच पडली नव्हती. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला तेव्हा माणसं थोडी होती आणि एकमेकांना ओळखत होती. सहसंस्थापक लॅरी सँगर यांनी मांडलेल्या अगदी पहिल्या नियमांपैकी एक असा होता, की नियमांमुळे काम अडत असेल तर नियम बाजूला ठेवा. वाद फारच चिघळला तर दुसरे सहसंस्थापक जिमी वेल्स यांचा शब्द अखेरचा. माणसं वाढली तसे नियम वाढले, आणि त्या काळात नियम सरळ मतं मोजूनही होत. एका लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवलं तर संपादकाला काही काळ रोखता येतं, या नियमाला दात आले ते २००४ च्या नोव्हेंबरातल्या मतदानाने. तो आजही रोज वापरला जातो. लेख वगळण्याच्या पानाच्या नावातही आधी 'मतं' होती. २००५ मध्ये ती काढून टाकण्यात आली. तिथून पुढे मतदान हळूहळू अप्रतिष्ठित होत गेलं.

आजची रीत साधारण अशी आहे. कल्पना आधी चावडीवर मांडली जाते. इंग्रजीत या जागेला 'व्हिलेज पंप' म्हणतात, म्हणजे गावचा हापसा. त्यातही कच्च्या कल्पनांसाठी वेगळा कोपरा असतो, तिथे मत मागायचं नाही असा संकेत आहे. चार अनुभवी माणसांनी भोकं दाखवली, मसुदा सुधारला, की 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट' उघडते. सगळे तिला आरएफसी म्हणतात. प्रश्न थोडक्यात आणि कुठेही न झुकता मांडायचा असतो. एक बॉट तिची नोंद विषयवार याद्यांत करतो. ज्या संपादकांनी आधीच नाव देऊन ठेवलंय त्यांच्यातल्या काहींना अधूनमधून चर्चेचं निमंत्रण जातं. तीस दिवस झाले की बॉटच ती खूण काढून टाकतो. तीस दिवस ही मुदत चर्चेची नव्हे, खुणेची. पण व्यवहारात बहुतेकांना ती चर्चेचीच वाटते.

मग येतो समारोप करणारा. या माणसाला कुणी निवडून दिलेलं नसतं, कुणी नेमलेलंही नसतं. अट एवढीच, की तो अनुभवी असावा आणि त्या वादात पडलेला नसावा. तो सगळी चर्चा वाचतो, प्रस्थापित धोरणाला सोडून असलेल्या मतांना कमी वजन देतो, नुसतं 'वरच्याशी सहमत' लिहून गेलेल्यांना त्याहून कमी, आणि शेवटी दोन-चार परिच्छेदांत सहमती कशावर झाली किंवा झालीच नाही ते लिहितो. फारच तापलेला विषय असेल तर तिघे मिळून हे काम करतात. त्याने आपलंच मत सहमती म्हणून खपवलं असं वाटलं तर त्या समारोपाला 'सुपरव्होट' म्हणून हिणवतात आणि प्रचालकांच्या, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकांच्या, सूचनाफलकावर फेरविचार मागतात. फेरविचारातही प्रश्न मूळ विषयाचा नसतो. समारोप वाजवी होता का, एवढाच असतो.

कागदावर ही व्यवस्था मला आवडते. साठ विरुद्ध चाळीस अशी मतं पडूनही चाळिसांचा मुद्दा धोरणाला धरून असेल तर तो टिकतो. कुठल्याही साध्या निवडणुकीत अल्पमताला एवढी संधी मिळत नाही. पण हे काम करायला माणूस हवा. शंभर पानांचा वाद वाचायचा, अर्ध्या लोकांच्या शिव्या खायच्या आणि बदल्यात काहीच मिळत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात हजारांहून जास्त आरएफसी तपासल्या होत्या. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश चर्चा कुणी समारोप न करताच विझून गेल्या होत्या. अभ्यासकांनी याची कारणं शोधली, त्यात प्रश्न धड न मांडणं आणि अननुभवी प्रस्तावक होतेच. विझलेल्या चर्चेत जिंकते ती जुनी स्थिती. म्हणजे कुणीही काहीही न ठरवता एक बाजू जिंकलेली असते.

जुन्या स्थितीचा हा फायदा किती मोठा आहे ते २००७ साली दिसलं. 'पडताळणीयोग्यता' आणि 'मूळ संशोधन नको' ही दोन मूलभूत धोरणं एकमेकांत इतकी गुंतली आहेत की ती एका पानावर आणावीत, असा प्रस्ताव होता. आशय बदलायचा नव्हता, नुसती मांडणी. महिनोन्‌महिने मसुदा घडवला गेला, पान धोरण म्हणून जाहीरही झालं. मग जिमी वेल्स यांनी हरकत घेतली, मोठी मतनोंदणी झाली, शेकडो लोक आले आणि कौल विभागला गेला. सहमती नाही, सबब बदल नाही. ती दोन पानं आजही वेगळी आहेत. माझ्या मते वेगळी राहिली यात फारसं बिघडलं नाही. पण त्या प्रसंगानंतर मूळ धोरणांच्या रचनेला हात घालायला सहसा कुणी धजावलं नाही.

२०१३ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधाने हेच आकड्यांतून दाखवलं. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर होती, पुढे उतरली. आणि त्याच सुमारास धोरणांची पानं घट्ट होत गेली. नवख्याने औपचारिक नियमात केलेली भर टिकण्याची शक्यता घटली. त्या पानांवर जुन्या माणसांची पकड बसली होती. याचं उघड रूप पाहायचं असेल तर 'पुन्हा पुन्हा येणारे प्रस्ताव' नावाचं पान वाचावं. खात्याशिवाय संपादन बंद करा, जाहिराती घ्या, ठरावीक संपादनं झाली की आपोआप प्रचालक करा, असे प्रस्ताव आणि प्रत्येकापुढे तो का फेटाळला जातो याची कारणं. नवख्याचा वेळ वाचतो हे खरं. पण आपला प्रश्न कुणीतरी आधीच निकालात काढलाय हे एका दुव्यातून कळणं फारसं सुखाचं नसतं, आणि परिस्थिती बदलली तरी ते पान तेवढ्या वेगाने बदलत नाही.

नियम समाजाने ठरवला तरी सर्व्हरच्या किल्ल्या समाजाकडे नाहीत. त्या अमेरिकेतल्या विकिमीडिया फाउंडेशनकडे आहेत. २०११ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर मोठी चर्चा होऊन ठरलं, की नवा लेख सुरू करण्याची मुभा किमान चार दिवस जुन्या आणि दहा संपादनं केलेल्या खात्यालाच असावी. रोज येणारा जाहिरातबाज कचरा उपसून लोक थकले होते. पाचशेच्या आसपास माणसं बोलली, स्पष्ट बहुमत होतं, समारोपही रीतसर झाला. फाउंडेशनने मात्र तांत्रिक बदल करायला नकार दिला. नव्या माणसाला पहिल्याच पायरीवर अडवणं हे खुलेपणाच्या विरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य नव्हतं असं नाही. पण ठरवायचं कुणी, हा प्रश्न उरलाच. सहा वर्षं ठराव तसाच पडून राहिला. नव्या लेखांची तपासणी करणाऱ्यांचा ढीग वाढत गेला, बोलणी पुन्हा सुरू झाली, आणि सप्टेंबर २०१७ पासून सहा महिन्यांचा प्रयोग झाला. त्याचे आकडे हाती आल्यावर पुन्हा आरएफसी, आणि २०१८ मध्ये नियम कायम. २०११ ची सहमती खोटी नव्हती. ती अमलात आणण्याची ताकद तेवढी तिच्यात नव्हती.

जर्मन विकिपीडियावर हाच सामना जास्त कडवट झाला. चित्र उघडण्याची नवी पद्धत, मीडिया व्ह्यूअर, २०१४ मध्ये आली. जर्मन समाजाने मतदान घेऊन ती मूळ मांडणीत बंद ठेवण्याचं ठरवलं आणि एका प्रचालकाने संकेतस्थळाच्या सामायिक कोडमध्ये बदल करून ती बंद केलीही. उत्तरादाखल फाउंडेशनने ऑगस्टमध्ये 'सुपरप्रोटेक्ट' नावाचं नवं कुलूप काढलं. त्या कुलपाआडचं पान निवडून आलेल्या प्रचालकालाही बदलता येईना. निषेधाच्या पत्रावर शेकडो सह्या झाल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते कुलूप काढून टाकण्यात आलं. तेव्हापासून फाउंडेशन थोडं जपून पावलं टाकतं: जून २०२५ मध्ये लेखांच्या माथ्यावर यंत्राने लिहिलेले सारांश दाखवण्याचा प्रयोग संपादकांनी हाणून पाडला तेव्हा तो लगेच थांबवण्यात आला. त्याच वर्षी इंग्रजी विकिपीडियाने माणसाने न तपासलेले यंत्रलिखित लेख झटपट वगळण्याचा निकष स्वीकारला. गरज सगळ्यांना सारखीच जाणवली की ही व्यवस्था केवढ्या वेगाने हलू शकते, तेही यातून दिसतं.

जर्मनांचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या पद्धतीवर थोडं थांबायला हवं, कारण ती इंग्रजी तत्त्वज्ञानाला सरळ छेद देते. तिथे मतमोजणीची लाज नाही. 'माइनुंग्सबिल्ड' नावाची रीतसर प्रक्रिया आहे. प्रस्ताव मतदानाला जाण्याआधी त्याला मत देण्यास पात्र अशा दहा जणांनी पाठीशी उभं राहावं लागतं. पात्रता लिखित आहे: खातं किमान दोन महिने जुनं, लेखांमध्ये २०० संपादनं, त्यातली ५० गेल्या बारा महिन्यांतली. मतदानही दुहेरी. आधी हा प्रस्ताव रीतीला धरून आहे का यावर मत, मग मूळ विषयावर. लोकांना प्रस्ताव आवडूनही त्याची मांडणी अमान्य करता येते, आणि तसं ते करतातही. मतदारयादी नाही ही इंग्रजीवाल्यांची मूळ अडचण जर्मनांनी यादीची अट लिहून सोडवली. पोर्तुगीज विकिपीडियाने तर ऑक्टोबर २०२० पासून खात्याशिवाय लेख संपादित करणं मतदानाने बंद केलं. इंग्रजीत जो प्रस्ताव फेटाळलेल्यांच्या पानावर वर्षानुवर्षं पडून आहे तोच हा.

इंग्रजी विकिपीडियाही आता मोजणीकडे झुकतोय. प्रचालक निवडीच्या जाहीर चर्चेत उमेदवाराची आठवडाभर साल काढली जायची आणि भले लोक पुढे येईनासे झाले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक निवडणूक झाली: गुप्त मतदान, सत्तर टक्क्यांची अट, अकरा जण निवडून आले. त्याच वर्षी प्रचालकाला परत बोलावण्याची सोयही झाली. महिन्याभरात पंचवीस सह्या पडल्या तर त्याला पुन्हा विश्वासमत घ्यावं लागतं. 'हे मतदान नाही' असं वीस वर्षं सांगणाऱ्या समाजाने माणसं निवडताना तरी आकडा सन्मानाने परत आणला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सगळ्या भाषांना एकत्र बांधणाऱ्या निर्णयांत तर मोजणीवाचून गत्यंतर नसतं. शेकडो भाषांतल्या चर्चेचा समारोप कोण करणार? २००९ च्या एप्रिल-मेमध्ये सगळ्या प्रकल्पांचा मजकूर जीएफडीएल परवान्यावरून क्रिएटिव्ह कॉमन्सकडे न्यावा का यावर मतदान झालं. सतरा हजारांहून जास्त मतं पडली, सुमारे ७६ टक्के बाजूने. आज विकिपीडियाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी असलेली परवान्याची ओळ त्या निर्णयातून आली. वर्तनाच्या सार्वत्रिक संहितेच्या अंमलबजावणीची कलमं मार्च २०२२ मध्ये मतदानाला टाकली तेव्हा ५९ टक्क्यांच्या आसपास पाठिंबा मिळाला. कलमं मंजूर झाली असं म्हणता आलं असतं. पण विरोधकांनी लिहिलेल्या कारणांवरून ती पुन्हा घडवली आणि पुढच्या जानेवारीत दुसऱ्यांदा मतदान घेतलं. या वेळी ७६ टक्के. मोजणी आणि चर्चा यांची इतकी बरी सांगड मला दुसरीकडे क्वचितच दिसली. उलट २०२४ च्या उन्हाळ्यात विकिमीडिया चळवळीच्या कारभाराच्या सनदेला व्यक्ती आणि संलग्न संस्था या दोन्ही गटांनी मोठ्या बहुमताने होकार दिला, आणि फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने नकार. सनद बारगळली.

आता मराठीकडे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. इथेही चावडी आहे, कौल आहेत, पाठिंबा-विरोध-तटस्थ नोंदवण्याची रीत आहे. नियमांची पानं बरीचशी इंग्रजीवरून आणलेली, म्हणजे सहमतीचं तत्त्वज्ञानही सोबत आलं. पण ते तत्त्वज्ञान हजारो माणसांच्या समाजात घडलंय. समारोप करणारा वादात नसलेला हवा, ही अट तिथे सहज पुरी होते. जिथे धोरणाच्या चर्चेला येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतात, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि प्रस्ताव मांडणारा, त्यावर बोलणारा आणि तो अमलात आणणारा प्रचालक हे बरेचदा एकाच वर्तुळातले असतात, तिथे वादात नसलेला माणूस आणायचा कुठून? 'सहमती झाली' हे वाक्य अशा ठिकाणी 'कुणी विरोध लिहिला नाही' एवढाच अर्थ सांगतं. कधीकधी तर कुणी पाहिलंच नाही, एवढाच.

बाहेरचं जग मात्र लहान विकीकडे आकडेच मागतं. ज्या विकीवर अधिकार देणारे प्रशासक नाहीत तिथे प्रचालकपद देतात ते जागतिक पातळीवरचे कारभारी, स्ट्यूअर्ड. ते स्थानिक कौलाचा दुवा पाहतात. मतं थोडी असतील तर पद कायमचं न देता ठरावीक महिन्यांपुरतं देतात. एकाच माणसाची अनेक खाती पकडण्यासाठी लागणारा तांत्रिक तपासाधिकार स्थानिक माणसाला हवा असेल तर पंचवीस-तीस जणांचा पाठिंबा आणि सत्तर-ऐंशी टक्के कौल लागतो. भारतीय भाषांच्या बहुतेक विकींना हा आकडा जड जातो, म्हणून संशयित खात्यांची तपासणी परक्यांकडून करून घ्यावी लागते.

लहान समाजात मोजणी निर्धोक आहे असं मात्र म्हणता येत नाही, आणि क्रोएशियन विकिपीडिया हे त्याचं जळजळीत उदाहरण आहे. तिथे अतिउजव्या विचारांच्या प्रचालकांच्या एका गटाने दशकभर ताबा ठेवला, इतिहासाचे लेख वाकवले, विरोधकांना रोखलं. मतदानं होत होती. पण एकाच माणसाची अनेक खाती त्यात हात धुऊन घेत होती. बाहेरच्यांच्या मदतीने तो पगडा मोडला आणि २०२१ मध्ये फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात हे सगळं आलं. विकिया नावाच्या वेगळ्या संकेतस्थळावरच्या ६८३ विकींचा २०१४ मध्ये झालेला अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो: समाज वाढत जातो तशी सत्ता जुन्या मूठभरांकडे एकवटते, आणि त्या मूठभरांचं हित नव्या संपादकांच्या हिताशी जुळेलच असं नसतं.

तरीही लहान विकीने मोजावं, या मताचा मी आहे. सहमतीच्या नावाखाली एका माणसाने निष्कर्ष काढला तर चूक सापडायला मोठा, सावध समाज लागतो. आकडा चुकीचा असेल तर तो कुणालाही पुन्हा मोजता येतो, खाती तपासायला देता येतात. क्रोएशियन विकिपीडियावर खोटी मतं पकडता आली ती नोंद उरली होती म्हणूनच. मोजायचं तर आधी जर्मनांसारखी पात्रता लिहून ठेवायला हवी, आपल्या ऐपतीची: खातं काही महिने जुनं, मराठी लेखांत पन्नासेक संपादनं. कौल किमान दोन आठवडे उघडा असावा आणि त्याची खबर चावडीच्या एका कोपऱ्यात न राहता सगळ्या सक्रिय सदस्यांच्या चर्चा पानांवर जावी. किमान किती मतं पडली तर कौल ग्राह्य, तेही आधीच ठरलेलं असावं. आणि निकाल लिहायला घरचा माणूस नको. कोकणी, हिंदी किंवा संस्कृत विकिपीडियावर मराठी वाचू शकणारे, मराठीच्या भांडणात नसलेले संपादक आहेत. एका कौलाचा समारोप त्यांनी करावा, बदल्यात त्यांच्या एका कौलाचा आपण. यासाठी फाउंडेशनची परवानगी लागत नाही, नवं सॉफ्टवेअर लागत नाही. चावडीवर एक प्रस्ताव लागतो, आणि त्या पहिल्या प्रस्तावाचा समारोपही बाहेरच्याकडूनच करून घेता येईल.